परमुलखातील रुग्णशय्या

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात जालना येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी दोन महिन्यांपूर्वी आम्हांस पत्र धाडून मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. सेवानिवृत्त शिक्षकाने अशा प्रसंगी शिक्षणाचे महत्त्व, हुंड्याची चाल किंवा तरुणांची व्यसने यांवर बोलावे असा सर्वसाधारण परिपाठ आहे. हे विषय महत्त्वाचे खरेच. परंतु त्यांवर गेली कित्येक वर्षे याच व्यासपीठावरून आमच्याहून अधिक अधिकारी वक्ते बोलून गेले आहेत. म्हणून आम्ही आज निराळाच विषय घेण्याचे योजिले आहे.

आपल्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर 'परदेशस्थ ज्ञातिबांधव' अशी एक यादी दरवर्षी छापली जाते. प्रारंभी ती अर्ध्या पानात मावत असे. आता तिला चार पाने पुरत नाहीत. कोणी अमेरिकेत संगणकाच्या कंपनीत आहे, कोणी जर्मनीत शिकत आहे, आणि बरेच जण मस्कत, दुबई, कतार, सौदी अशा ठिकाणी वेल्डिंग, फिटिंग, वाहन चालविणे, गवंडीकाम अशा कामांवर आहेत. त्या यादीत नाव आहे, हुद्दा आहे, गावाचे नाव आहे. मात्र त्या परमुलखात यांपैकी एखादा पडला, झडला, हाडे मोडून घेतली आणि त्याला इस्पितळात घातले, तर पुढे काय, याचा विचार आपल्या समाजाने अद्याप केलेला नाही. यादी वाचून आपल्याला अभिमान वाटतो. अभिमान जरूर वाटावा. पण आज आम्हांस त्या यादीच्या मागील बाजूविषयी बोलावयाचे आहे.

परमुलूख हा शब्दच मोठा लवचिक आहे. आमच्या आजोबांच्या तोंडी वऱ्हाडसुद्धा परमुलूख होता, कारण आपण मोगलाईत आणि वऱ्हाड इंग्रजी अमलाखाली. बुलढाण्याला सोयरिकीसाठी जाऊन आलेला माणूस 'इंग्रजी मुलूख पाहून आलो' असे सांगत असे. आणि उलट बाजूने पाहिले तर आपला जालना जिल्हाही कोणा एकासाठी फार दूरचा परमुलूख होता. तेथूनच आम्ही आरंभ करतो.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे लहानसे गाव आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी एका बाजूस आर्थर वेलस्लीची कंपनीची फौज आणि दुसऱ्या बाजूस दौलतराव शिंदे व नागपूरचे रघूजी भोसले यांच्या फौजा अशी लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनचा पराभव केला. उतारवयात त्याला कोणी विचारले की आपल्या हातून लढाईतील सर्वांत मोठे काम कोणते झाले, तेव्हा त्याने वॉटर्लूचे नाव न घेता असईचे घेतले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. नदीला उतार कोठे आहे हे वाटाड्यांना सांगता येईना, तेव्हा दोन काठांवर समोरासमोर दोन गावे पाहून, या गावांमध्ये येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे असे त्याने ताडले आणि तेथूनच फौज पार नेली, हेही आपण शाळेत शिकविले आहे. आम्ही तर अनेक वर्षे शिकविले. परंतु लढाईच्या धड्यात तह येतो, तोफा येतात, सेनापती येतात. लढाई संपल्यानंतरची रात्र येत नाही.

ती लढाई सुमारे तीन तास चालली. कंपनीच्या फौजेचे ४२८ लोक मेले आणि ११३८ जखमी झाले. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आलेली ७४वी हायलँडर पलटण सुमारे पाचशे माणसांनिशी रणात उतरली होती. तिचे १० अधिकारी व १२४ शिपाई ठार, आणि ७ अधिकारी व २७० शिपाई जखमी झाले. म्हणजे पाचांत एक माणूससुद्धा धड उरला नाही. शिंदे-भोसल्यांच्या बाजूने सुमारे १२०० प्रेते रणात पडली होती आणि जखमी तर आसपासच्या सर्व शिवारात पसरले होते.

आता या जखमींकडे जरा पाहा. लढाई आपल्या शेतांत झाली, आपल्या ज्वारी-बाजरीची नासाडी झाली, परंतु लढणारे बहुतेक सारे परके होते. ७४व्या आणि ७८व्या पलटणीचे लोक स्कॉटलंडचे. कंपनीच्या देशी पलटणी मद्रासेच्या, म्हणजे तामिळ व तेलुगू बोलणाऱ्या. शिंद्यांच्या कवायती कंपूचा नायक पोलमन हा जर्मनीतील हनोव्हरचा, आणि त्याच्या हाताखालची बरीच माणसे उत्तर हिंदुस्थानातून, अयोध्येच्या बाजूने, भरती झालेली. केळणेच्या काठी त्या रात्री 'पाणी, पाणी' हा टाहो किती भाषांत उठला असेल! आणि ज्या कुणब्याच्या बांधावर हे लोक पडले होते, त्याला त्यांतील कदाचित एकच भाषा थोडीफार कळत असेल.

सगळ्या जखमींना उचलण्यास एक दिवस पुरला नाही, दोनही पुरले नाहीत. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज भोकरदनच्या बाजूने २४ सप्टेंबरच्या सायंकाळी असईला पोहोचली. तिने शत्रूचा पाठलाग लगेच करावयाचा होता, परंतु वेलस्लीकडचे जखमी इतके होते की स्टीव्हन्सनचे शस्त्रवैद्य त्यांच्या सेवेस लावावे लागले आणि ती फौज २६ तारखेपर्यंत तेथेच अडकून पडली. लढाईनंतर चौथ्या दिवशीसुद्धा रणातून जखमी उचलून आणण्याचे काम चालूच होते. भाद्रपद-आश्विनातील ऊन, मधूनच पाऊस, नदीकाठची माशी, आणि चार दिवस. आपल्यापैकी ज्यांनी गुरांच्या जखमांत किडे पडलेले पाहिले आहेत, त्यांस याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

पुढे वेलस्लीने या जखमींसाठी अजिंठा गावी इस्पितळ स्थापिले. अजिंठा म्हणजे लेणी नव्हे, तटबंदीचे अजिंठा गाव. ते आज आपल्या शेजारच्या जिल्ह्यात मोडते. असईहून तेथवर जखमींना डोल्यांतून न्यावे लागे. आणि इस्पितळ हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते पार पुसून टाकले पाहिजे. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला बेशुद्ध करण्याची युक्ती जगाला १८४६ साली कळली. जखमेत जंतू जाऊ नयेत म्हणून औषधी पाण्याने ती धुण्याची लिस्टरची पद्धत १८६७ची. मोडलेल्या हाडाला प्लास्टर घालणे १८५०नंतरचे, आणि क्ष-किरण तर १८९५चे. यांपैकी एकही गोष्ट अजिंठ्याच्या त्या इस्पितळात नव्हती. तोफेच्या छर्ऱ्याने पायाचे हाड चूर झाले की माणसे रोग्याला धरीत आणि शस्त्रवैद्य करवतीने पाय कापीत, हाच त्या काळी साऱ्या जगात उपाय होता. वाचला तर त्याचे नशीब.

एक गोष्ट येथे मनात आल्यावाचून राहत नाही. ज्या गावात हे स्कॉटलंडचे आणि मद्रासेचे लोक कण्हत पडले होते, त्या गावापासून थोड्याच कोसांवर, वाघूर नदीच्या वळणावर, जगप्रसिद्ध चित्रे झाडाझुडपांत झाकलेली होती. युरोपीय जगाला त्यांचा पत्ता १८१९ साली, म्हणजे सोळा वर्षांनी लागला, तोही जॉन स्मिथ नावाच्या मद्रासच्याच एका फौजी अधिकाऱ्याला शिकारीच्या निमित्ताने. असो, हे विषयांतर झाले.

शिंद्यांच्या बाजूच्या जखमींसाठी अजिंठ्याचे इस्पितळ नव्हते. जितके चालवेल तितके चालावयाचे आणि ज्या गावाने ओसरी दिली त्या गावी पडून राहावयाचे, एवढेच त्यांच्या हाती होते. तहनामा झाला ३० डिसेंबरला. तहात मुलूख, किल्ले, दस्त यांची कलमे आहेत.

आता दुसरे चित्र याच्या उलट. असईला परके लोक आपल्या मुलखात घायाळ झाले. शंभर-सव्वाशे वर्षांनी आपले लोक परक्या मुलखात झाले. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू होताच हिंदी फौज फ्रान्सला गेली. पुण्याजवळच्या खडकीच्या सॅपर-मायनर पलटणीत मराठे पुष्कळ. तिच्या २०व्या आणि २१व्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेल येथे हल्ला केला आणि त्यात त्यांची भयंकर हानी झाली. खंदकात गुडघाभर चिखल, अंगात सुती कपडे, आणि अशी थंडी की पायाची बोटे गळून पडावीत. या मोहिमेतील हिंदी जखमींना बोटीने इंग्लंडला नेत. तेथे समुद्रकाठच्या ब्रायटन शहरात एका इंग्रज राजाने मौजेखातर बांधलेला, घुमटांचा आणि मिनारांचा, पौर्वात्य धर्तीचा एक राजवाडा आहे. त्याचेच डिसेंबर १९१४ पासून हिंदी शिपायांसाठी इस्पितळ करण्यात आले. सातशेहून अधिक खाटा मांडल्या. राजाच्या मोठ्या मुदपाकखान्यात शस्त्रक्रियेचे टेबल आले.

आपली ही ज्ञातिसंस्था आहे, म्हणून त्या इस्पितळातील एक व्यवस्था आपल्याला विशेष सांगतो. तेथे धर्मभेद आणि जातिभेद सांभाळण्यासाठी नऊ निरनिराळी स्वयंपाकघरे होती. हिंदूंना पाण्याचा नळ वेगळा, मुसलमानांना वेगळा. पाट्या उर्दूत, हिंदीत आणि गुरुमुखीत. शिखांसाठी आवारात तंबूतील गुरुद्वारा. जे हिंदू व शीख तेथे मरण पावले त्यांपैकी ५३ जणांचे दहन शहराबाहेरच्या टेकडीवर करण्यात आले आणि त्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री बांधून १९२१ साली तिचे उद्घाटन झाले. ती आजही उभी आहे. मुसलमानांचे दफन वोकिंगच्या मशिदीजवळ होई. इंग्रजांचा हेतू निव्वळ भूतदयेचा नव्हता. बाटविल्याची ओरड १८५७ साली त्यांनी ऐकली होती, आणि सुखी हिंदी शिपायांची छायाचित्रे छापून त्यांना हिंदुस्थानात भरती चालू ठेवावयाची होती. तरीसुद्धा त्या नऊ चुलींविषयी आम्हांस नुसते हसू येत नाही. ज्याचा हात तुटला आहे आणि ज्याला भोवतालच्या एकाही माणसाची बोली कळत नाही, त्याला घरच्यासारखी पोळी आणि वरण पुढे आल्यावर काय वाटत असेल, हे ज्याने परदेशी इस्पितळात चार दिवस काढले आहेत त्यालाच कळावे.

मात्र याच ब्रायटनमध्ये दुसऱ्या एका मोठ्या इस्पितळाभोवती काटेरी तारा लावल्या होत्या, आणि जखमी शिपायांना शहरात मोकळेपणी फिरू देत नसत. बरे झालेल्यांना पुन्हा खंदकात पाठवू लागले तेव्हा तर मोठी निराशा पसरली. एकदा रक्त सांडले की हिशेब चुकता झाला, आता घरी पाठवावे, अशी शिपायाची साधी समजूत होती. घरी लिहावयाची पत्रे वरिष्ठ उघडून वाचीत. मग शिपाई युक्तीने लिहीत, की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरू लागले आहेत. काळी मिरी म्हणजे हिंदी पलटणी आणि लाल मिरची म्हणजे गोऱ्या. पत्र लिहिण्याची ही कला आमच्या शाळेत कोणी शिकविली नसती!

फ्रान्समधल्यांचे एक वेळ बरे म्हणावे अशी अवस्था इराकमध्ये झाली. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तेथे होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ टेसिफोनची लढाई झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीपर्यंत नेले, आणि तेथून गच्च भरलेल्या बोटींतून बसऱ्यापर्यंत. कित्येकांच्या पट्ट्या वाटेत कोणी बदलल्याच नाहीत. या दुर्दशेची चौकशी विलायत सरकारला करावी लागली आणि तिचा अहवाल १९१७ साली प्रसिद्ध झाला. एकाच साम्राज्याचे एकाच वर्षातील हे दोन जखमी. एकाला राजवाडा मिळाला, कारण तो जगाच्या डोळ्यांपुढे होता. दुसऱ्याला बोटीची फळी मिळाली, कारण त्याला पाहणारे कोणी नव्हते. ही गोष्ट पुढील भागासाठी कृपया ध्यानात ठेवावी.

आता थोडे आमच्याविषयी. श्रोत्यांनी क्षमा करावी. परंतु हा अनुभव आल्यावाचून हा विषय आम्हांस सुचलाच नसता.

काही वर्षांपूर्वी आम्ही व आमच्या सौ. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात चिरंजीवांकडे राहावयास गेलो होतो. आईवडिलांना दीर्घकाळ राहता यावे म्हणून त्या देशाने २०११ सालापासून एक विशेष परवाना ठेवला आहे. त्याची अट अशी की किमान एक लाख डॉलरचा आजारपणाचा विमा आधी उतरविला पाहिजे. चिरंजीवांनी तो उतरविला तेव्हा हप्त्याचा आकडा पाहून आम्ही मनातल्या मनात त्यांस उधळ्या म्हटले होते. जानेवारीत एके सकाळी पायवाटेवर बर्फाचा पारदर्शक थर जमला होता. तो दिसत नाही. नुसती ओली वाट दिसते. आमचा पाय सरकला आणि उजव्या खुब्याचे हाड मोडले.

रुग्णवाहिका आली, इस्पितळात नेले. तेथे परिचारिकेने पहिला प्रश्न विचारला तो असा: तुमच्या दुखण्याला शून्य ते दहांपैकी किती गुण द्याल? आम्ही छत्तीस वर्षे दुसऱ्यांस गुण दिले, पण असा पेपर कधी तपासला नव्हता. विचार करून सात दिले. चिरंजीव कानाशी म्हणाले, "बाबा, येथे हात आखडता घेऊ नका. गुण पाहून औषध देतात." मग नऊ केले. औषध आले.

मॅट्रिकपर्यंतचे इंग्रजी आम्हांस येते, वर्तमानपत्र वाचता येते. परंतु वेदनेत असताना परकी भाषा मनुष्याला सोडून जाते हे त्या रात्री कळले. चिरंजीव कामावर गेल्यावर आमची अडचण पाहून परिचारिकेने दूरध्वनी आमच्या उशाशी ठेवला. त्या इस्पितळांत दूरध्वनीवरून दुभाषा मिळण्याची सोय असते. आम्हांस वाटले, फार तर हिंदी मिळेल. पलीकडून एका बाईंचा आवाज आला, "काका, कुठी दुखून राह्यलं?" अस्सल वऱ्हाडी! आजोबांच्या काळचा तो परमुलूख आमच्या उशाशी बोलत होता. सौ. सांगतात की त्या क्षणी आम्ही रडलो. आम्हांस ते आठवत नाही.

शस्त्रक्रिया झाली, हाडात सळई बसविली, आणि दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभे केले. आपल्याकडे अशा रोग्याला महिनाभर हलू न देण्याची पूर्वी रीत होती. पडून राहिल्याने फुप्फुसात कफ साचतो आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, म्हणून आता सर्वत्रच लवकर उभे करतात. सहाव्या दिवशी घरी आलो. बिल रुपयांत मांडून पाहिले तेव्हा आमचे सहा वर्षांचे निवृत्तिवेतन त्यात गेले असते. विमा कंपनीने ते दिले. परंतु देण्यापूर्वी रक्तदाबाच्या गोळ्यांत गेल्या सहा महिन्यांत बदल झाला होता काय, हे जालन्याच्या डॉक्टरांकडून लिहून मागविले. जुने कागद घरी क्रमाने लावून ठेवण्याची आमच्या सौ.ची सवय तेथे उपयोगी पडली. कार्डावर लिहिलेल्या क्रमांकावर इस्पितळात नेल्यावर लगेच कळवावे, ही अट अशा बहुतेक विम्यांत असते; ती पाळली नाही तर पैसे अडकतात.

तर आमच्या पाठीशी मुलगा होता, विमा होता, दुभाषी बाई होत्या. आम्ही राजवाड्यातले जखमी. बोटीच्या फळीवरचे जखमी निराळे आहेत आणि ते आपल्या यादीच्या चौथ्या पानावर आहेत.

आपल्या ओळखीच्या एका कुटुंबात घडलेली हकिगत सांगतो. नावगाव सांगत नाही. मुलगा दहावी उत्तीर्ण, जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये वेल्डिंग शिकलेला. एका दलालाने आखातात पाठविला. कामाचा परवाना नंतर करू म्हणून भेटीच्या व्हिसावर पाठविला. पाचव्या महिन्यात तो परांचीवरून पडला. घरी निरोप आला तो त्याच्या खोलीतल्या एका केरळी सोबत्याकडून, मोडक्या हिंदीत: "गिर गया, अस्पताल में है." कोणते अस्पताल? सोबत्याला नाव नीट सांगता येईना. मालकाचे नाव घरी कोणास ठाऊक नाही, पासपोर्टचा क्रमांक कोणाकडे नाही. आईने मुलाचा व्हॉट्सअॅपवरचा फोटो दाखवला, त्यात मागे एका दुकानाची अरबी पाटी होती, तेवढाच पत्ता. इस्पितळ सापडण्यास अकरा दिवस लागले. तो वाचला, परंतु पाठीच्या कण्याला इजा झाल्याने आडवाच राहिला. त्याला निजलेल्या अवस्थेत विमानाने आणावयाचे तर सहा ते नऊ आसनांची जागा घ्यावी लागते, विमान कंपनीच्या वैद्यकीय नमुन्यावर डॉक्टरांची सही लागते, सोबत परिचारक लागतो. वडिलांनी दोन एकर काढले.

या प्रकरणातील सर्वांत विपरीत भाग पुढे आहे, आणि तो सांगण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत. आपला मुलगा दहावी पास झाला म्हणून आपण पेढे वाटतो. पण १९८३च्या परदेशगमन कायद्याप्रमाणे, जो मॅट्रिक नाही अशा कामगाराला आखातासह ठरावीक अठरा देशांत नोकरीस जाताना सरकारची परवानगी घ्यावी लागते. ही परवानगी देताना मालकाचा करार पाहतात, आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा सक्तीचा असतो. हा विमा २००३ साली सुरू झाला. २०१७ साली ठरलेल्या रूपात त्याचा हप्ता दोन वर्षांस २७५ रुपये आणि तीन वर्षांस ३७५ रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये मिळतात, आणि इस्पितळाच्या खर्चासही काही साहाय्य होते. आणि जो दहावी उत्तीर्ण आहे? त्याचा पासपोर्ट या अटीतून मुक्त. सरकारने असे धरले की शिकलेला मनुष्य आपले हित आपण पाहील. त्याला परवानगी नको, करार दाखविणे नको, विम्याची सक्तीही नको. म्हणजे जो शाळेत कधी गेला नाही त्याच्या डोक्यावर पावणेतीनशे रुपयांचे का होईना छत्र आहे. आणि ज्याला आम्ही छड्या मारून मॅट्रिक केला, तो उघड्यावर!

आम्ही स्वतः मॅट्रिक. त्या प्रमाणपत्राचा आम्हांस फार अभिमान आहे. परंतु ते परांचीवरून पडताना हात देत नाही. दहावी पास झालेल्या तरुणालाही सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेत स्वेच्छेने नोंद करता येते. ती त्याने करावी. भेटीच्या व्हिसावर कामास जाऊ नये, कारण कामगार म्हणून जी नोंद व्हावयाची तीच तेथे होत नाही. आखाती देशांच्या कायद्यांत कामावर झालेल्या इजेचा उपचार मालकाने करावा असे आहे, पण आपण त्याचे कामगार आहोत हे कागदावर दिसले तरच. खासगी विमा घ्यावयाचा तर तो कामाच्या स्वरूपाला लागू आहे काय, उंचीवरचे काम त्यात वगळले आहे काय, हे वाचून घ्यावे. अडचणीत सापडलेल्यांसाठी भारतीय वकिलातींकडे २००९पासून एक कल्याण निधी आहे. गरजू माणसाचा तातडीचा उपचार आणि मायदेशी आणणे यांसाठी त्यातून मदत होऊ शकते. तक्रार नोंदविण्यासाठी २०१५पासून 'मदद' नावाची सोय संगणकावर आहे. रुग्णवाहिकेचे क्रमांकही पाठ असावेत: संयुक्त अरब अमिरातीत ९९८, सौदीत ९९७, कतारमध्ये ९९९, कॅनडा-अमेरिकेत ९११.

मागील वर्षी कार्यकारिणीत असा प्रस्ताव आला होता की शिष्यवृत्ती निधीतून थोडी रक्कम परदेशी जखमी झालेल्या ज्ञातिबांधवांसाठी वेगळी काढावी. त्याला विरोध झाला. परदेशी जाणारे पैसेवाले, त्यांना आपण काय देणार, असा विरोधकांचा मुद्दा होता. त्यांचा आदर राखून आम्ही विचारतो, की यादीच्या पहिल्या पानावरचे पैसेवाले आहेत हे कबूल, पण चौथ्या पानावरच्यांचे काय? त्यांतील बहुतेकांनी दलालाला द्यावयाचे पैसे सावकाराकडून काढलेले असतात. तरीही शिष्यवृत्तीच्या पैशाला हात लावू नये, हे विरोधकांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. मुलींच्या फीचे पैसे विमानाच्या तिकिटात जाऊ नयेत. निधी वेगळाच उभारावा. पहिल्या पानावरच्या मंडळींनी वर्षातून एक दिवसाचा पगार दिला तरी तो सहज उभा राहील, आणि त्यांस तसे पत्र लिहिण्याचे काम आम्ही स्वतः पत्करतो. अक्षर अजून बरे आहे.

निधी होईल तेव्हा होईल. परंतु ज्या गोष्टीला पैसा लागत नाही ती आजच करता येते. त्या कुटुंबाचे अकरा दिवस इस्पितळ शोधण्यात गेले, ते एका कागदाअभावी. म्हणून आम्ही मंडळासाठी एक नोंदवही आखून आणली आहे. तिच्यात जाणाऱ्याचे नाव, पासपोर्टचा क्रमांक, व्हिसाचा प्रकार, मालकाचे नाव व दूरध्वनी, राहण्याचे ठिकाण, खोलीतल्या एका सोबत्याचा दूरध्वनी, विम्याचा क्रमांक, रक्तगट आणि नेहमीच्या औषधांची नावे, एवढे रकाने आहेत. सोबत्याचा रकाना मुद्दाम मोठा ठेवला आहे, कारण पहिला निरोप त्याच्याकडूनच येतो. वही मंडळाच्या कार्यालयात कुलपात राहील. ती चिटणीसांवाचून कोणी उघडणार नाही. ज्यांची मुले आधीच तिकडे आहेत त्यांनी आज रात्री दूरध्वनी करून हे रकाने विचारून घ्यावेत. ज्यांची दिवाळीनंतर निघणार आहेत त्यांनी पासपोर्टची छायाप्रत आणून द्यावी.

मेळावा उद्या दुपारच्या भोजनापर्यंत आहे. वही व्यासपीठाच्या डाव्या बाजूस टेबलावर ठेवली आहे, आणि आम्ही तेथेच खुर्ची टाकून बसणार आहोत. खुब्यामुळे फार वेळ उभे राहवत नाही. पेन मात्र ज्याने त्याने आपले आणावे.